माझ्या खिशात वाजणारं तिचं कौतुक

माझी बायको माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, ही बातमी मला माझ्याच मोबाईलने दिली. टिंग करून. मग तो ती रोजच देऊ लागला. जेवताना, गाडीवर असताना, वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा असताना. आवाज बंद करून ठेवायचा होता, असं कुणी म्हणेल. शिकवणी चालवणाऱ्या माणसाला ते परवडत नाही, पालकांचे फोन येतात. निदान पूर्वी यायचे.

मी धर्मेंद्र. लाखनीत महामार्गाला लागून टायरचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत माझे शिकवणी वर्ग चालतात. आठवी ते दहावी, गणित. बी.एस्सी., बी.एड. होऊन नोकरीची वाट पाहता पाहता वर्ग सुरू केले. पुढे वाट पाहणं सुटलं आणि वर्ग राहिले. सरिता माझी बायको. लग्नात ती बी.ए. होती, आता मुक्त विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात एम.ए. करते आहे. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे तिच्या चार चांगल्या गोष्टी लिहाव्या लागणार आणि तेच माझ्या जिवावर आलं आहे. पण दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो सगळंच चांगलं लिहील. त्यापेक्षा मीच लिहितो.

सरिता आंबागडची. किल्ल्याच्या पायथ्याचं गाव, मागे जंगल. तिचे वडील बाबूलाल जंगलातल्या कामांवर मजुरीने जायचे आणि उन्हाळ्यात अख्खं घर तेंदूपत्ता तोडायचं. पानांचे पुडके बांधता बांधता सरिता पाढे म्हणायची. एक पुडका बांधून झाला की एक पाढा संपायचा. लग्नानंतर तिने हे मला मोठ्या हौसेने सांगितलं होतं आणि मी "हो का?" म्हणून पेपर वाचत राहिलो होतो. पुढे हीच गोष्ट तिने एका व्हिडिओत सांगितली, तर लोकांनी ती एकमेकांना पाठवली, खाली बदाम टाकले, कुणा बाईने तर डोळ्यांत पाणी आलं असं लिहिलं. मला ती फुकटात मिळाली होती, मी घेतली नाही.

आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट अशी की गणित हा तिचा विषयसुद्धा नाही. बी.ए.ला तिचं मराठी आणि अर्थशास्त्र होतं.

हे सगळं सुरू झालं रोवणीच्या दिवसांत. आमची गावात थोडी धानाची शेती आहे, तलावाच्या पाण्यावरची. शेजारच्या नत्थूकाकांची नात तृप्ती माझ्याच वर्गात यायची. तिला भागाकार कळत नव्हता. आठवीतल्या पोरीला भागाकार येत नाही म्हणून मी तिला वर्गात दोनदा उभं केलं होतं. त्या रविवारी ती आमच्या शेतावर आली आणि चिखलात उभ्या असलेल्या सरितेला विचारू लागली. सरितेच्या हातात पऱ्ह्यांच्या पेंड्या होत्या. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती उपटून, जुडी बांधून, रोवायच्या आधी बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांमध्ये, फेकतात. सरितेने पाण्याच्या कॅनला मोबाईल टेकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बोलू लागली.

"हे पाय, ह्या पेंड्या. ह्या बांध्या. सगळ्या बांध्यायले सारख्या द्यायच्या. कोन्या बांधीनं रुसाले नाई पाह्यजे. वाटून झाल्यावर माह्या हातात ज्या उरल्या, ते बाकी. आता बाकी काहून उरली? कारन अजून एक-एक देतो म्हनलं तं सगळ्यायले पुरत नाई."

एवढंच. तिचा चेहरा त्यात नव्हता. चिखलाने माखलेले दोन हात, मनगटातल्या बांगड्या, पेंड्या आणि आवाज. तृप्तीला तो व्हिडिओ घरी पाहायचा होता म्हणून तो यूट्यूबवर चढवला. चढवला कुणी? मी. कारण खातं माझं होतं, चॅनलवर माझं नाव मात्र नव्हतं.

हे नीट सांगायला हवं. सरितेकडे जो मोबाईल आहे तो माझा जुना. त्याची सिमची जागा बिघडलेली, बाकी चांगला होता. माहेरचं तिचं सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलं, तेव्हा मी म्हटलं, घरात एक रिचार्ज पुरे. म्हणून तिचं नेट म्हणजे माझा हॉटस्पॉट. तिचं यूट्यूब माझ्या खात्यावर, विद्यापीठाची नोंदणी माझ्या नंबरवर, बँक माझ्या नंबरवर. गावात ह्याचं कुणाला काही वाटत नाही. आमच्याकडे बायकांचे ओटीपी पुरुषांच्याच खिशात येतात. बाई बँकेत उभी राहून फोन करते, "आला का?" आणि नवरा शेताच्या बांधावरून ओरडून आकडे सांगतो. मधे ट्रॅक्टर सुरू असला तर दोनदा सांगतो.

त्यामुळे झालं असं, की तिच्या व्हिडिओखाली कुणी काही लिहिलं की टिंग व्हायचं माझ्या खिशात. 'मॅडम, माझ्या मुलाला पहिल्यांदा समजलं.' टिंग. 'पेंडीवाल्या मॅडम, अपूर्णांक पण घ्या ना.' टिंग. दिघोरीच्या एका शिक्षकाने तर लिहिलं, 'आमच्या शाळेत आम्ही तुमचाच व्हिडिओ दाखवतो.' ते मी वर्गात, पोरांच्या समोर मनातल्या मनात वाचलं आणि खडू मोडला.

पहिल्या महिन्यात मला मजा वाटली. दुसऱ्या महिन्यात वाटेनाशी झाली. त्याच पावसाळ्यात माझ्या वर्गातले मागचे बाक रिकामे होऊ लागले. कुणी म्हणालं शेतीची कामं आहेत, कुणी म्हणालं पोरगं घरीच अभ्यास करतं. घरी काय अभ्यास करतं, ते मला खिशातून कळत होतं. ज्याच्या वर्गाची पोरं कमी होतात तो शिक्षक दुसऱ्या वर्गवाल्याला शिव्या देतो, चौकात चार लोकांत त्याची उणीदुणी काढतो, त्याने जीव हलका होतो. मी कुणाला शिव्या देणार? दुसरा वर्ग माझ्याच सैपाकखोलीत चालू होता.

गावात कुणालाच माहीत नव्हतं, एक नत्थूकाकांचं घर सोडलं तर. तृप्तीला सरितेने बजावून ठेवलं होतं, "वर्गात सांगजो नको." मला वाटायचं, लाजते बिचारी. नाहीतर माझ्या आईला काय वाटेल ह्याची भीती असेल. बरंच आहे म्हटलं, झाकली मूठ राहू दे.

वास्तविक माझ्या आईची काही हरकत नव्हती. आईचं नाव धुरपता. शाळेत तिसरीपर्यंत गेलेली, पण भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावताना रोज काहीतरी हिशेब मांडल्यासारखी उभी राहते. ती एकदा मला म्हणाली, "काहून गा धर्मा, तुहं तोंड काहून उतरलं राह्यते? ते शिकून राहिली तं तुह्यं काय जाऊन राहिलं?"

"माहं काय जाते?" मी म्हटलं.

"मंग हास ना जरासा."

मी हसलो नाही. मी भंडाऱ्याला जाऊन गोल लाईट घेऊन आलो. तीन पायांचा स्टँड, कॉलरला लावायचा माईक, सगळं. मनात म्हटलं, हिच्याकडे फुटका मोबाईल आणि पाण्याची कॅन आहे, माझ्याकडे पदवी आहे. रविवारी वर्गाची खोली झाडून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पहिला व्हिडिओ केला. 'नमस्कार विद्यार्थी मित्रहो, आज आपण पूर्णांक संख्यांची बेरीज या घटकाचा सविस्तर अभ्यास करणार आहोत.' मधे महामार्गावर एका ट्रकने हॉर्न दिला म्हणून परत केला. मग परत. माझ्या नावाचं वेगळं चॅनल काढून त्यावर चढवला.

आईला दाखवला. ती म्हणाली, "बातम्या सांगून राहिला का गा?"

सरितेने शेवटपर्यंत पाहिला. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा मोठाच दुर्गुण आहे. "चांगला आहे," ती म्हणाली. मग मोबाईल परत देताना, "अजी, तुमी फळ्यासंग बोलता. पोट्ट्यासंग बोला ना."

तो व्हिडिओ मी तीन वेगवेगळ्या मोबाईलवरून पाहिला, तरी आकडा काही हलेना. माझ्या खिशात तेव्हाही टिंग वाजत होतं, पण ते तिचंच.

आता ती शिकते कशी, तेही सांगतो, कारण तिच्या एम.ए.च्या प्रकल्पाचा विषयच तो होता: 'शिक्षणात आणि कामात तंत्रज्ञानाचा माझा वापर'. ती रोवणीला जाताना विद्यापीठाची व्याख्यानं मोबाईलमध्ये उतरवून घ्यायची, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचायची आणि कानात वायर. रांगेतल्या बाया चिडवायच्या, "सरिता, कोनतं गानं लावलं वो? आमालेबी आयकव."

"गानं नाई वो, मूल्यमापन आहे," ती म्हणायची आणि त्या बाया हसून हसून चिखलात बसायच्या. इंग्रजीतले लेख ती मोबाईलमधल्या त्या लिहून उत्तर देणाऱ्या यंत्राला, एआयला, घालायची आणि म्हणायची, सोप्या मराठीत सांग. पटलं नाही तर त्याच्याशी वाद घालायची. चुलीपाशी बसून ती मोबाईलला "नाई, हे तुह्यं चुकलं" म्हणते आहे, हे मी दाराआडून ऐकलं आहे. माझ्याशी ती असा वाद घालत नाही. मी काही सांगितलं की "हो" म्हणते. मला तर त्या यंत्राचासुद्धा राग येऊ लागला होता.

एकदा ऋण संख्या शिकवायच्या होत्या. यंत्राने तिला उदाहरण दिलं उंच इमारतीतल्या लिफ्टचं. तळमजला म्हणजे शून्य, वर गेलं की धन, तळघरात गेलं की ऋण. सरिता म्हणाली, "आमच्याकडं कोनाच्या घरी आहे लिफ्ट?" आणि उठून तलावावर गेली. तलाव भरला की जादा पाणी जिथून वाहून जातं त्या सांडव्याच्या काठावर तिने बोट ठेवलं. हे शून्य. पाणी ह्याच्या वर चढलं तर धन, खाली गेलं तर ऋण. वैशाखात किती ऋण असते ते आपल्या आबाजीला विचारून या.

मी त्या तलावात पोहायला शिकलो. त्या सांडव्यावर बसून बोरं खाल्ली. इतकी वर्षं ऋण संख्या शिकवतो आहे आणि फळ्यावर आडवी रेघ मारून मधे शून्य काढतो. तो सांडवा मला काहून दिसला नाही? त्या दिवशी मी जेवलो नाही. आईला सांगितलं, पोट बरं नाही.

मग मी वर्गात बोलू लागलो. पोरं शिल्लक होती ती टिकवायला हवी होती. "मोबाईलवर बघून गणित येत नसतं," मी म्हणायचो. "आजकाल कुणीही उठतं आणि शिकवतं. चेहरा दाखवायची हिंमत नाही, नुसते हात. कोण आहे, किती शिकली आहे, काही पत्ता आहे का?" पोरं माना डोलवायची. तृप्ती मात्र वहीत तोंड खुपसून बसायची.

दिवाळी होऊन गेली होती, धान घरात आलं होतं. एके दिवशी संध्याकाळच्या वर्गात मी प्रमेय लिहीत होतो, दोन्ही हात खडूने भरलेले. मोबाईल टेबलावर वाजू लागला. आईचं नाव आलं. आईकडे बटनाचा मोबाईल आहे, ती सहसा फोन करत नाही. मला वाटलं, घरी काही झालं. मी कोपराने कसातरी स्पीकर लावला.

"अजी, ओटीपी आला का?" सरितेचा आवाज खोलीभर झाला. "नत्थूकाकाच्या मोबाईलचं नेट घेतलं, आज शेवटची तारीख आहे फॉर्मची. धा मिनिटाचा राह्यते तो. सांगा ना लवकर. आधी आला होता तो गेला, तुमी फोन नाई उचलला."

विद्यापीठाचा परीक्षेचा फॉर्म होता. मी पडद्यावर आकडे शोधत होतो, खडूच्या बोटांनी पडदा पांढरा झाला होता, तेवढ्यात पहिल्या बाकावरून सूरज नावाचा पोरगा ओरडला.

"सर, ह्या तं पेंडीवाल्या मॅडम!"

मग सगळी पोरं एकदम बोलू लागली. "मॅडम, अपूर्णांकाचा दुसरा भाग कधी येते?" "मॅडम, मी तुमचे सगळे पाह्यले!" "सर, ह्या तुमच्या घरच्या होय? मंग तुमी असं काहून म्हनत होते?" वर्षभरात माझ्या वर्गात एवढा उत्साह मी पाहिला नव्हता. पोरं टेबलाभोवती जमली. मी मधे उभा होतो आणि कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे मोबाईलकडे बघत होते.

मी आकडे वाचून दाखवले. पोरांनी माझ्यामागून ते सुरात म्हटले. सरितेने फोन ठेवला.

घरी गेलो तो रागाने लाल होऊनच. "वर्गाच्या वेळेला फोन काहून केला?" मी विचारलं.

"फॉर्म राह्यला असता ना," ती म्हणाली. पण तिचं लक्ष फॉर्मकडे नव्हतं. "कोन कोन होतं वर्गात? सगळ्यायनं आयकलं का?"

"सगळ्यायनं."

ती खाली बसली. हातातलं सूप तसंच. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, बरी सापडली, आता कळेल लोकांत नाव होणं म्हणजे काय असतं.

दुसऱ्याच आठवड्यात सूरजचे वडील गोपीचंद वर्गावर आले. त्यांचं खालीच पंक्चरचं काम असतं. मला वाटलं, फी द्यायला आले. ते दारातच उभे राहून म्हणाले, "सर, एक म्हनू का? मॅडमले बी बसवा ना वर्गात. पोट्टा म्हन्ते, मॅडम येत असन तं मी रोज येतो." आणि वर हसले. माणूस साधा, त्यांना वाटलं ते माझं कौतुकच करताहेत. मी म्हटलं, "बघू." त्यानंतर तीन दिवस मी सरितेशी कामापुरतंच बोललो. का, ते तिने विचारलंही नाही.

प्रकल्प मीच छापून आणला. लाखनीच्या दुकानात पानं निघेपर्यंत तिथल्या बाकावर बसून सगळा वाचला. चुका शोधत होतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन-चार सापडल्या, त्या मी सोडून दिल्या. बाकी लिहिलं चांगलं होतं. व्हिडिओत चेहरा का नाही, ह्याबद्दल मात्र त्यात एक ओळ नव्हती, आणि मला वाटलं, परीक्षक इथे पकडतील हिला. मनातल्या मनात थोडं बरं वाटलं.

तोंडी परीक्षा ऑनलाईन होती, जानेवारीत, दुपारी. आमच्या पत्र्याच्या घरात व्हिडिओ कॉलपुरतं नेट टिकत नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चांगलं येतं, उंच जागा आहे. सरितेने निंबाखाली प्लास्टिकची खुर्ची ठेवली, स्टुलावर डबे रचून त्यावर मोबाईल टेकवला, पांढरी साडी नेसली आणि केस नीट बांधले. खाली बांध्यांमध्ये धानानंतर पेरलेली लाखोळी हिरवीगार झाली होती. हॉटस्पॉट माझा, म्हणून मलाही तिथेच राहावं लागणार होतं. ती म्हणाली, "तुमी झाडाच्या मांगं बसा. दूर गेलं तं तुटते." मी बुंध्याला पाठ लावून बसलो, मोबाईल हातात वर धरून. नवरा म्हणून बसलो होतो की टॉवर म्हणून, ते मला कळेना.

परीक्षक मॅडम नागपूरच्या होत्या. आवाज कडक, पण ऐकून घेणाऱ्या. पहिल्यांदा विचारलं, तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा फायदा कोणता?

"व्हिडिओला थांबवता येतं, मॅडम," सरिता म्हणाली. पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करत होती. "वर्गात मूल सरांना थांबवू शकत नाही. समजलं नाही तरी सर पुढे जातात. व्हिडिओ मागे नेला तर तो रागावत नाही."

झाडामागे मी ओठ आवळले. पुढचा प्रश्न यंत्राच्या मदतीबद्दल. तिने लिफ्टची आणि सांडव्याची गोष्ट सांगितली. मॅडम मोकळ्या हसल्या आणि म्हणाल्या, हे छापायला पाहिजे. मी सांडव्याकडे पाहणं टाळलं.

"अडचण कोणती आली?"

"ओटीपी, मॅडम."

"म्हणजे?"

"माझा नंबर नाही. माझं सगळं काम मिस्टरांच्या खिशातून चालते. ते वर्गात असले की मी थांबते. नोकरी करायची झाली तर पहिले सिम घ्यावं लागेल, डिग्री त्याच्यानंतर." ती हे रागाने म्हणत नव्हती. पाऊस आला की शेतात जाता येत नाही, असं सांगावं तसं सांगत होती. मी मोबाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. हात भरून आला होता.

मग मॅडमनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी वाट पाहत होतो. "तुमचे व्हिडिओ मी पाहिले. तुम्ही कुठेच दिसत नाही. प्रकल्पात ह्याचं कारण नाही. घरून विरोध आहे का? मोकळेपणाने बोला."

खुर्ची करकरली, सरिता सावरून बसली. मी नेट आहे का ते पडद्यावर पाहिलं, होतं.

"विरोध नाही मॅडम. सासूबाई तर म्हणतात, दाखव तोंड, काय चोरी केली का." मॅडम हसल्या. "माझे मिस्टर लाखनीला शिकवणी घेतात. गणिताचीच. मी तोंड दाखवलं असतं तर पोरांनी ओळखलं असतं, ह्या सरांच्या घरच्या. मग पोरं रोज वर्गात बसून त्यांना आणि मला मापत बसली असती. त्यांचा वर्ग तुटला असता. आधीच पोरं कमी झाली आहेत. हात कोणाचेबी असू शकतात, मॅडम."

"हे प्रकल्पात का नाही लिहिलंत?"

"छापून आणणार ते होते."

मॅडमनी विचारलं, "आणि पुढे? असेच हात?"

"नाही," सरिता म्हणाली. "पोरांना आता कळलं. लपवून फायदा नाही. आता दाखवीन."

परीक्षा संपली. मॅडमनी अभिनंदन केलं, शुभेच्छा दिल्या. सरितेने खुर्ची उचलली, डबे एकात एक घातले. मी झाडामागे आहे हे तिला परीक्षाभर माहीत होतं. दूर जाऊ नका म्हणून तिनेच बसवलं होतं.

मला शरम वाटली का? वाटली. पण शरमेच्या आधी आला तो हेवाच, आणि ह्या वेळी तो शिकवण्याचा नव्हता. शिकवण्यात ती पुढे आहे, हे मी कसंबसं गिळत आणलं होतं. म्हटलं होतं, असेल तिच्याकडे ती कला, माणूस म्हणून तर मी तिच्या बरोबरीचा आहे. ती जागाही तिने घेतली, आणि घेऊन इतके महिने मला कळू दिली नाही. तिच्या जागी मी असतो, तर पहिल्याच व्हिडिओत चेहरा दाखवला असता, खाली नाव, पदवी आणि वर्गाचा पत्ता टाकला असता, आणि तिच्या शिकवणीचं काय होईल हा विचार माझ्या डोक्यात आलाच नसता.

"बंद करा आता," ती डबे कमरेवर घेत म्हणाली. "उगाच डाटा जाऊन राहिला."

मी हॉटस्पॉट बंद केला आणि तिच्या हातातली खुर्ची घेतली. तिने ती दिली. घरापर्यंतची वाट मी तिच्या मागून चाललो, कारण पाळ अरुंद आहे आणि ती पुढे निघून गेली होती.